पाटणच्या मठापासून कोसळत्या ताऱ्याच्या गाभ्यापर्यंत : ‘आधारा’च्या प्रश्नाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटण हे प्राचीन ठिकाण आहे. आज ते पाटणादेवीचे स्थान आणि गौताळा अभयारण्याचा परिसर म्हणून ओळखले जाते. आठशे वर्षांपूर्वी मात्र येथे ज्योतिषशास्त्राच्या अध्यापनासाठी एक मठ होता आणि त्या मठात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जात होते. या वारशाचा खानदेशाला सार्थ अभिमान आहे. परंतु या अभिमानातून एक विधान वारंवार केले जाते. ते असे की, गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी भास्कराचार्यांनी लावला. व्याख्यानांत, स्मरणिकांत आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांतही हे विधान आढळते. ते कितपत खरे आहे, हे तपासणे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या विधानाच्या गदारोळात भास्कराचार्यांनी प्रत्यक्षात जो प्रश्न विचारला तो झाकला जातो.

तो प्रश्न आधाराचा आहे. जड वस्तू खाली पडतात, तर पृथ्वी कशावर टेकली आहे? विसाव्या शतकात हाच प्रश्न खगोलशास्त्राने ताऱ्यांविषयी विचारला. प्रचंड वस्तुमानाचा तारा स्वतःच्याच भाराने कोसळत का नाही, आणि ज्या दिवशी त्याचा आधार सुटतो त्या दिवशी त्याच्या गाभ्याचे काय होते? प्रस्तुत शोधनिबंधात या दोन प्रश्नांचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून त्यात महाराष्ट्रातील संशोधकांचा वाटा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. पाटण येथील शिलालेखाच्या आधारे खानदेशातील ज्योतिषशास्त्रीय परंपरेचे स्वरूप समजून घेणे.
२. भास्कराचार्यांच्या आकर्षणविषयक विचाराचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा तपासणे.
३. ताऱ्याच्या गाभ्यातील गुरुत्वाकर्षण व दाब यांच्या संघर्षाविषयीच्या आधुनिक विचाराचा विकास पाहणे.
४. या विकासातील महाराष्ट्राशी संबंधित संशोधकांच्या कार्याचा आढावा घेणे.

अभ्यासपद्धती :

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. खगोलभौतिकीतील गणित टाळून केवळ संकल्पनांचा विचार केला आहे.

विषयविवेचन :

१) पाटणचा शिलालेख

पाटणच्या शिलालेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधण्याचे श्रेय डॉ. भाऊ दाजी लाड यांना जाते. १८६५ मध्ये त्यांनी प्राचीन भारतीय ज्योतिषांच्या काळाविषयी लिहिलेल्या निबंधात या लेखाची माहिती दिली. पुढे कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात तो संपादित केला. लेखाचा काळ इ.स. १२०७ च्या सुमाराचा आहे. त्या वेळी देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचे राज्य होते आणि या प्रदेशावर यादवांचे मांडलिक असलेले निकुंभ घराणे नांदत होते.

या लेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे. त्यांचे पिता महेश्वर, पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यांचा त्यात उल्लेख येतो. चांगदेव हा सिंघणाच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि घराण्यातील अन्य ग्रंथ यांच्या अध्यापनासाठी त्याने पाटण येथे मठ स्थापन केला. निकुंभ राजा सोइदेव याने मठाला दान दिले आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेही ही परंपरा चालविली. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असला तरी शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालातून, पोफळींतून आणि तेलाच्या घाण्यांतून मठाला काय मिळावे, याची व्यवस्था तेथे नोंदविली आहे. म्हणजे ग्रहगणिताच्या अध्यापनाचा खर्च राजाच्या दानाबरोबरच तेली, व्यापारी आणि गिऱ्हाईक यांच्याकडूनही भागत होता. विद्येच्या इतिहासात ही नोंद मोलाची आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ चा. त्यांनी आपल्या गावाचे नाव विज्जडविड असे दिले असून त्याच्या स्थाननिश्चितीबाबत विद्वानांत मतभेद आहेत. त्यामुळे ते पाटण येथेच जन्मले वा राहिले, असे ठामपणे म्हणता येत नाही. त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्याची सोय येथे केली, एवढे मात्र निःसंशय आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात या घराण्याचा परामर्श घेतला आहे. दीक्षितांनी आपल्या शिक्षकी पेशातील काही काळ धुळे येथे घालविला, ही गोष्टही खानदेशाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. ग्रंथाविषयी आदर आणि पुराव्याविषयी काटेकोरपणा यांचा मेळ कसा घालावा, याचा वस्तुपाठ दीक्षितांच्या लेखनात मिळतो.

२) गोलाध्यायातील प्रश्न

‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. त्यातील गोलाध्यायात पृथ्वीच्या आधाराची चर्चा आहे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा मांडता येईल. पृथ्वीला कोणी मूर्त आधार आहे असे मानले, तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल, त्याला तिसरा, आणि ही मालिका कोठेच संपणार नाही. शेवटी कुठल्या तरी एका आधारात स्वतःच्या बळावर राहण्याची शक्ती मानावीच लागते. मग ती पृथ्वीतच का मानू नये? पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती आहे. आकाशातील जड वस्तूला ती आपल्याकडे ओढते आणि म्हणून ती वस्तू पडल्यासारखी दिसते. परंतु सर्व बाजूंनी आकाश सारखेच असताना स्वतः पृथ्वी कोठे पडणार?

या युक्तिवादातील शेवटचा भाग विशेष आहे. ‘खाली’ ही दिशा निरपेक्ष नसून ती गोलाच्या मध्याकडे जाणारी आहे, ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते. अर्थात हा विचार भास्कराचार्यांना परंपरेनेही मिळाला होता. वराहमिहिरांनी लोहचुंबकांच्या मध्ये राहिलेल्या लोखंडाची उपमा पृथ्वीला दिली होती आणि ब्रह्मगुप्तांनीही वस्तूंना ओढणे हा पृथ्वीचा स्वभाव असल्याचे म्हटले होते. भास्कराचार्यांनी या विचाराला तर्काची शिस्तबद्ध मांडणी दिली.

मात्र मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. हे आकर्षण किती, अंतरानुसार ते कसे बदलते, चंद्र आणि ग्रह यांनाही ते लागू आहे काय, याचे विवेचन येथे नाही. ग्रहगोलांच्या दैनंदिन भ्रमणासाठी सिद्धान्तकार ‘प्रवह’ नावाचा वायू मानत. जमिनीवर पडणारी वस्तू आणि आकाशात फिरणारा चंद्र यांना एकाच गणिती नियमात बांधण्याचे काम १६८७ मध्ये न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ने केले. म्हणून ‘शोध आधी लागला’ हे विधान इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. भास्कराचार्यांचे श्रेय वेगळे आहे. आधारांची अंतहीन मालिका त्यांनी तर्काने नाकारली.

३) ताऱ्याला आधार कशाचा?

पृथ्वी घन आहे. तिच्या खडकांचा कठीणपणा तिचा आकार सांभाळतो. तारा मात्र तप्त वायूचा गोळा असतो. त्याचा प्रत्येक थर मध्याकडे ओढला जातो आणि वरच्या सर्व थरांचा भार खालच्या थरांवर पडतो. हा भार पेलतो तो वायूचा दाब. हाताने दाबलेली सायकलची हवा जशी उलट रेटा देते, तसाच हा प्रकार. फरक केवळ प्रमाणाचा. सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश असते, घनता पाण्याच्या सुमारे १५० पट असते आणि दाब पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या सुमारे २५ हजार कोटी पट असतो. आर्थर एडिंग्टन यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ताऱ्यांच्या अंतर्रचनेवरील ग्रंथात या समतोलाचे सविस्तर विवेचन केले.

हा आधार उष्णतेवर अवलंबून असतो आणि उष्णता हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होऊन मिळते. इंधन संपल्यावर काय, हा प्रश्न त्यामुळे अटळ ठरतो. व्याध ताऱ्याचा अंधुक जोडीदार हे त्याचे एक उत्तर होते. त्याचे वस्तुमान सूर्याएवढे, पण आकार जेमतेम पृथ्वीएवढा आहे. अशा ताऱ्यांना श्वेतबटू म्हणतात. १९२६ मध्ये राल्फ फाउलर यांनी दाखविले की, येथे आधार उष्णतेचा नसून इलेक्ट्रॉनांचा आहे. पाउली यांच्या विवर्जन तत्त्वानुसार दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. त्यांना अधिक कोंबू लागले की त्यांचा वेग वाढतो आणि ते उलट रेटा देतात. तारा थंड झाला तरी हा दाब नाहीसा होत नाही. एक आधार सुटला, पण दुसरा मिळाला, असे त्या वेळी वाटले.

४) चंद्रशेखर : आधाराची मर्यादा

३१ जुलै १९३० रोजी एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबई बंदरातून जहाजाने इंग्लंडला निघाले. फाउलर यांचा विचार ते जहाजावर पुढे नेत होते. त्यांच्या लक्षात आले की, जड श्वेतबटूच्या गाभ्यात इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचतो. वेगाला ही सीमा असल्यामुळे दाबाची वाढ मंदावते. तारा आणखी आकसला तर दाब वाढतो, पण गुरुत्वाकर्षणाची मागणीही त्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे एका ठरावीक वस्तुमानापलीकडे आकसून समतोल साधण्याचा मार्गच उरत नाही. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत चंद्रशेखर यांनी हा निष्कर्ष मांडला, तेव्हा एडिंग्टन यांनी त्याची जाहीर खिल्ली उडविली. ताऱ्याने असे विसंगत वागू नये यासाठी निसर्गात काही नियम असलाच पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. ज्यांनी ताऱ्यांचा समतोल जगाला समजावून दिला, त्यांनाच समतोलाचा अंत मान्य झाला नाही. काळाने निर्णय चंद्रशेखर यांच्या बाजूने दिला आणि १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

५) गाभ्याचे कोसळणे

सूर्याच्या सुमारे आठ पटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्यात ही मर्यादा प्रत्यक्ष ओलांडली जाते. अशा ताऱ्यात हायड्रोजननंतर हेलियम, कार्बन, निऑन, ऑक्सिजन आणि सिलिकॉन यांचे क्रमाने ज्वलन होते. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा अल्पायुषी असतो. हायड्रोजन लाखो वर्षे पुरतो, तर सिलिकॉन काही दिवसच. शेवटी मध्यभागी लोहाचा गाभा साठतो. लोहाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. त्यामुळे तेथे नवी उष्णता निर्माण होत नाही आणि गाभ्याचा भार मुख्यतः इलेक्ट्रॉनांवर येतो.

गाभा १.४ सूर्यांच्या आसपास पोहोचला की दोन घटना घडतात. प्रखर प्रारणामुळे लोहाची केंद्रके फुटतात व त्यात ऊर्जा खर्च होते. आणि इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत शोषले जाऊन न्यूट्रॉन व न्यूट्रिनो तयार होतात. म्हणजे ज्या इलेक्ट्रॉनांनी भार पेलला होता तेच नाहीसे होऊ लागतात. मग पृथ्वीएवढ्या आकाराचा गाभा एका सेकंदाच्याही आत काही दहा किलोमीटरांपर्यंत कोसळतो. घनता अणुकेंद्रकाएवढी झाली की न्यूट्रॉनांचा परस्परविरोध आणि केंद्रकीय बल आडवे येतात. गाभा आदळून उलट उसळी घेतो आणि आघातलहर बाहेर निघते. तिला न्यूट्रिनोंची मदत मिळाली की बाहेरचे थर उधळले जातात. हाच अतिनवतारा होय. १९३४ मध्ये बाडे आणि झ्विकी यांनी अतिनवताऱ्यातून न्यूट्रॉन तारा जन्मतो असे सुचविले होते. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅगेलन मेघातील अतिनवताऱ्याचे सुमारे दोन डझन न्यूट्रिनो पृथ्वीवर टिपले गेले आणि गाभ्याच्या कोसळण्याचा थेट पुरावा मिळाला.

६) आधार हाच भार

येथे आणखी एक, सर्वांत विलक्षण टप्पा येतो. न्यूटनच्या सिद्धान्तात आकर्षण केवळ वस्तुमानामुळे निर्माण होते. आइन्स्टाइन यांच्या १९१५ च्या सिद्धान्तात मात्र दाबही गुरुत्वाकर्षण निर्माण करतो. सामान्य ताऱ्यात हा परिणाम नगण्य असतो. न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यात तो निर्णायक ठरतो. तारा तोलून धरण्यासाठी जेवढा दाब वाढवावा, तेवढे आकर्षणही वाढते. छताला टेकू म्हणून लावलेला खांबच छताच्या वजनात भर घालू लागावा, तशी ही अवस्था आहे. १९३९ मध्ये ओपेनहायमर आणि व्होल्कॉफ यांनी दाखविले की, न्यूट्रॉन ताऱ्यालाही वस्तुमानाची मर्यादा आहे. आजच्या अंदाजानुसार ती सूर्याच्या दुपटीहून थोडी अधिक आहे. तिच्यापलीकडे ज्ञात असा कोणताही आधार उरत नाही आणि कृष्णविवर तयार होते.

भास्कराचार्यांनी आधारांची अंतहीन मालिका तर्काने नाकारली होती. ताऱ्याच्या बाबतीत ही मालिका खरोखरच मर्यादित निघाली. उष्ण वायू, इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन आणि त्यानंतर काही नाही. हे साम्य प्रश्नाच्या रचनेपुरते आहे, उत्तराचे नव्हे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

७) महाराष्ट्राशी संबंधित संशोधन

गुरुत्वीय अवपाताच्या अभ्यासात भारतीयांचा वाटा मोठा आहे. कलकत्त्याचे बी. दत्त (१९३८) आणि अमलकुमार रायचौधुरी (१९५५) यांची नावे या संदर्भात जगभर घेतली जातात. कोल्हापूर येथे जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ पासून बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १९४२ मध्ये प्र. चु. वैद्य त्यांच्याकडे संशोधनासाठी गेले. प्रारण बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीचे गुरुत्वीय क्षेत्र कसे असेल, याचे उत्तर वैद्य यांनी १९४३ मध्ये दिले. कोसळता कोसळता ऊर्जा गमावणाऱ्या ताऱ्याच्या अभ्यासात ‘वैद्य सूत्र’ आजही वापरले जाते.

विष्णुपंतांचे पुत्र डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी फ्रेड हॉईल यांच्यासह १९६४ मध्ये वेगळा मार्ग सुचविला. ऋण ऊर्जेचे एक क्षेत्र मानले तर अनंत घनतेची अवस्था टाळता येते, असा त्यांचा विचार होता. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. तरीही आधार संपला असे मानण्यापूर्वी आणखी एक आधार शोधून पाहण्याचा हा गंभीर प्रयत्न होता. पुढच्याच वर्षी रॉजर पेनरोझ यांनी, अवपात एका टप्प्यापलीकडे गेल्यावर सामान्य परिस्थितीत अशी अवस्था टळत नाही, हे गणिताने सिद्ध केले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी डॉ. नारळीकरांनी टोपणनावाने पाठविलेल्या विज्ञानकथेचे शीर्षक ‘कृष्णविवर’ असे होते. ही संकल्पना मराठी वाचकांच्या घरात पोहोचविण्यात त्या कथेचा वाटा आहे.

अवपाताच्या शेवटी नेहमी कृष्णविवरच बनते काय, हा प्रश्न मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पंकज जोशी यांनी दीर्घकाळ अभ्यासला. २००२ मध्ये जोशी, पुण्याच्या आयुका संस्थेतील नरेश दधिच आणि रॉय मार्टेन्स यांनी एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. गाभ्यातील घनता सर्वत्र सारखी नसेल, तर वेगवेगळे थर वेगवेगळ्या गतीने कोसळतात, त्यातून विरूपण निर्माण होते आणि क्षितिज तयार होण्यास विलंब होऊ शकतो, असे त्यांनी दाखविले. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

या संशोधनाचा जळगावशी एक अनपेक्षित धागा जुळतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाच्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील तीस अँटेनांच्या जीएमआरटी दुर्बिणीनेही त्या स्थळाचे रेडिओ निरीक्षण केले. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा घटनांत तयार होतात, या मताला त्यातून बळकटी मिळाली. जळगावच्या सराफ बाजारात तोलल्या जाणाऱ्या सोन्याचा पूर्वेतिहास अशा रीतीने कोसळलेल्या गाभ्यांपर्यंत जातो. अशा लहरी टिपण्यासाठी हिंगोली जिल्ह्यात उभारावयाच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली.

८) १०५४ चा तारा आणि आपले ग्रंथ

भास्कराचार्यांच्या जन्मापूर्वी साठ वर्षे, जुलै १०५४ मध्ये, वृषभ राशीत एक नवा तारा प्रकटला. चिनी नोंदींनुसार तो तेवीस दिवस भरदिवसा दिसत होता. तो गाभा कोसळून झालेला अतिनवतारा होता. त्याचे अवशेष क्रॅब तेजोमेघ म्हणून ओळखले जातात आणि मध्यभागी सेकंदाला सुमारे तीस वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा १९६८ मध्ये सापडला. भारतीय ग्रंथांत या ताऱ्याची नोंद आहे काय, याचा शोध जयंत नारळीकर आणि संस्कृत विदुषी सरोजा भाटे यांनी घेतला व २००१ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. निःसंदिग्ध अशी नोंद त्यांना मिळाली नाही. त्यांनी ती ओढूनताणून काढलीही नाही. स्वपरंपरेचा अभ्यास कसा करावा, याचे हे आदर्श उदाहरण आहे.

निष्कर्ष :

१. पाटणचा मठ हे खानदेशातील विद्यापरंपरेचे भक्कम प्रमाण आहे. भास्कराचार्यांच्या जन्मस्थानाविषयीचे दावे मात्र जपून केले पाहिजेत.
२. गोलाध्यायातील आकर्षणविचार न्यूटनच्या नियमाशी समान नाही. त्याचे महत्त्व आधाराच्या प्रश्नाच्या तर्कशुद्ध मांडणीत आहे.
३. ताऱ्याच्या गाभ्याचा इतिहास म्हणजे दाबाचे एकेक रूप अपुरे ठरत जाण्याचा इतिहास आहे. अंतिम टप्प्यात दाबच गुरुत्वाकर्षणाला साहाय्य करतो.
४. या विषयाच्या विकासात मुंबई व पुण्यातील संशोधन संस्थांचे आणि मराठी संशोधकांचे योगदान लक्षणीय आहे.

समारोप :

पाटणच्या शिलालेखात ग्रहगणिताबरोबर तेलाच्या घाण्याचाही हिशेब आहे. विद्येलाही आधार लागतो आणि तो सुटला की मठही कोसळतो, हे त्या मठाच्या आज न उरलेल्या भिंती सांगतात. भास्कराचार्यांच्या नावाने अभिमानाची वाक्ये लिहिणे सोपे आहे. त्यांचा ग्रंथ उघडून त्यांचा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे, आणि त्याचे आजचे उत्तर काय आहे हेही त्याच तासाला शिकवणे, हे अधिक कठीण काम आहे. चांगदेवाने पाटण येथे मठ काढला तो अध्यापनासाठी. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांना त्याचा वारसा सांगावयाचा असेल, तर तो अध्यापनातूनच सांगता येईल.